बोटीवरचे गुलाबी सूप

गेल्या हिवाळ्यात आमच्या घरी स्ट्रॉबेरीचे गार सूप पाच वेळा झाले. पहिले तीन प्रयत्न फसले, चौथ्या वेळी चव जमली, पण वाडगा अर्धा तसाच परत आला. दवाखान्यात सव्वीस वर्षे इतरांना पथ्यपाणी सांगणाऱ्या मला त्या अर्ध्या वाडग्याने जे शिकवले, ते आधीच कळायला हवे होते.

हे सूप आम्ही प्रथम चाखले ते सिंगापूरहून सुटणाऱ्या एका क्रूझवर. आमची कन्या नोकरीनिमित्त सिंगापूरला असते. दिवाळीनंतर तिने आम्हा तिघांना, म्हणजे मला, माझ्या यजमानांना आणि एकोणऐंशी वर्षांच्या सासूबाईंना तिकडे बोलावून घेतले आणि पाच रात्रींच्या सफरीची तिकिटे हातात ठेवली. पेनांग, फुकेत आणि परत. सासूबाईंना नेऊ नये, असे माझे मत होते. त्या मूळच्या मालवणजवळच्या एका वाडीतल्या. दोन वर्षांपूर्वी सासरे गेले, तेव्हापासून साताऱ्याला आमच्याकडे असतात. आधीच्या नऊ महिन्यांत त्यांचे वजन बावन्न किलोवरून साडेसेहेचाळीसवर आले होते. जेवणावरची वासना उडाली होती. ‘वय झाले’ या दोन शब्दांत मी ते गुंडाळून ठेवले होते. हेच वजन दवाखान्यातल्या एखाद्या आजींचे घटले असते, तर मी त्यांच्या मुलाला खडसावले असते. वयस्कर माणसाचे वजन प्रयत्नाविना सहा ते बारा महिन्यांत पाच टक्क्यांनी उतरले, तर कारण शोधलेच पाहिजे, हे आम्हा डॉक्टरांना पाठ असते. सासूबाईंचे वजन दहा टक्क्यांहून अधिक उतरले होते आणि मी रोज त्यांच्याबरोबर एकाच घरात वावरत होते.

बोटीवर जेवणाची व्यवस्था अशी असते : मोठ्या भोजनगृहात तुमचे मेज ठरलेले असते आणि सफरीभर त्या मेजावर वाढपीही तोच असतो. आमचा वाढपी गोव्याचा, सासष्टीकडचा निघाला. गोवेकर माणसे कित्येक पिढ्या जहाजांवर स्वयंपाकी आणि वाढपी म्हणून गेली आहेत. मुंबईत धोबीतलावच्या आसपास गावोगावच्या खलाशांचे जे कूड होते, ते याच लोकांसाठी. त्यामुळे आश्चर्य वाटायचे कारण नव्हते, पण पहिल्या रात्री तो सासूबाईंच्या खुर्चीशी वाकून “माय, आयज तुमकां कितें जाय?” असे म्हणाला, तेव्हा त्या चमकून वर पाहू लागल्या. इंग्रजी नावांचे ते जाड कार्ड त्यांनी मिटून ठेवले होते. “तूच सांग. माका काय म्हायत?” असे त्या म्हणाल्या. मग तो बराच वेळ एकेक पदार्थ समजावून सांगत राहिला. मालवणी आणि कोकणी एकमेकींना सहज समजून घेत होत्या. आम्ही तिघे नुसते ऐकत होतो.

त्याने आणून ठेवले ते गार स्ट्रॉबेरी सूप. पसरट वाडग्यात फिकट गुलाबी, वर पुदिन्याचे पान. सासूबाईंनी त्याला सोलकढी समजून मोठा घोट घेतला आणि त्यांचा चेहरा असा झाला की वाढपी हसू आवरता न येऊन वळून उभा राहिला. आमसुलाच्या आंबटाऐवजी गोड, नारळाच्या दुधाऐवजी साय. पण त्यांनी चमचा खाली ठेवला नाही. वाडगा रिकामा झाल्यावर त्याने न विचारता दुसरा अर्धा आणून ठेवला, आणि तोही संपला.

दुसऱ्या रात्री यादीत कांद्याचे फ्रेंच सूप होते. तो सासूबाईंच्या कानाशी लागून म्हणाला की हे घेऊ नका, यात गोमांसाचे पाणी असते. मूळ फ्रेंच पद्धतीत ते असतेच. आपल्याकडच्या प्रवाशांनी ‘कांद्याचे म्हणजे शाकाहारी’ असे गृहीत धरू नये, म्हणून ही नोंद. तिसऱ्या रात्री त्याने भाज्यांच्या पाण्यातले वेगळे सूप करवून आणले. शेवटच्या रात्री चॉकलेटचा गरम केक आला, ज्याच्या पोटात चमचा घातला की पातळ चॉकलेट बाहेर येते. वाढप्यांनी हातरुमाल गरगर फिरवत नाच केला, तो मला फारसा रुचला नाही. सासूबाईंनी मात्र टाळ्या वाजवल्या.

या जेवणाची भलामण करण्याचा माझा हेतू नाही. लोणी, साय, साखर आणि मीठ यांच्या बाबतीत या स्वयंपाकघरांचा हात सैल असतो. तिसऱ्या दिवशी माझ्याच घोट्यांवर मोज्यांचे वळ उमटू लागले, ते मिठाचे. जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसाला दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते. म्हणजे सपाट चमचाभर, तेही दिवसभराच्या सगळ्या पदार्थांत मिळून. परत आल्यावर माझे वजन दीड किलोने वाढलेले भरले. सासूबाईंचे पाचशे ग्रॅमने वाढले होते. नऊ महिन्यांत पहिल्यांदाच काटा उजवीकडे सरकला होता.

साताऱ्याला परतल्यावर चार दिवसांत ताट पुन्हा तसेच परत येऊ लागले. मग मी ठरवले की बोटीवरचे पदार्थच घरी करायचे. डिसेंबर लागला होता, महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीच्या पेट्या बाजारात आल्या होत्या. कारण जिभेत आहे, अशी माझी पक्की समजूत होती.

पहिले सूप डॉक्टरीणबाईंचे होते : साय काढलेले दूध, साखरेऐवजी गोळ्या. सासूबाईंनी एक चमचा घेतला आणि अतिशय सभ्यपणे वाडगा माझ्या दिशेने सरकवला. दुसऱ्या वेळी साखर घातली, मिक्सरमधून काढल्यावर चाखली, ठीक वाटली. पण फ्रीजमधून तीन तासांनी काढली तेव्हा सूप आंबट आणि पांचट लागले, शिवाय संत्र्याच्या रसाने दूध फाटून कण झाले होते. गारव्यात जिभेला गोडी कमी जाणवते. आइस्क्रीम वितळल्यावर अति गोड लागते ते याचमुळे. बोटीवरच्या सूपात साखर एवढी का असते, याचे उत्तर इथेच मिळते. तिसऱ्या वेळी मी हट्टाने साय आणि वाटीभर साखर घालून हुबेहूब चव आणली. मधुमेह असलेल्या बाईसमोर ते ठेवताना माझाच हात अडखळला, आणि चार चमच्यांत ते त्यांना जड झाले.

चौथ्या वेळी जमले. चारशे ग्रॅम पिकलेल्या स्ट्रॉबेरी, दीडशे ग्रॅम चक्का, एका संत्र्याचा रस, दोन चहाचे चमचे साखर, चिमूटभर मीठ. स्ट्रॉबेरी पूर्ण लाल हव्यात, देठाशी पांढरी असलेली घेऊ नये. गोडी तिथूनच आणायची असते. मिक्सरमधून काढून मी ते गाळून घेतले, कारण स्ट्रॉबेरीचे बारीक बी कवळीखाली अडकते आणि हिरडीला टोचते. चक्का फेटून शेवटी मिसळला, म्हणजे फाटत नाही. दह्यातले पाणी निथळून गेल्यामुळे चक्क्यात प्रथिने एकवटलेली असतात. साठीनंतर माणसाला दर किलो वजनामागे रोज एक ते सव्वा ग्रॅम प्रथिने मिळावीत असे आता मानले जाते (मूत्रपिंडाचा विकार असेल तर हे गणित वेगळे). आमच्या सासूबाईंच्या पोटात त्या काळात त्याच्या निम्मी तरी जात होती की नाही, शंकाच आहे.

चव बोटीवरच्यासारखी झाली होती. मी समाधानाने वाडगा त्यांच्या खोलीत नेऊन ठेवला आणि संध्याकाळच्या रुग्णांसाठी दवाखान्यात गेले. रात्री सव्वानऊला परतले, तेव्हा वाडगा अर्धा तसाच होता, वर ताटली झाकलेली.

त्या ताटलीकडे पाहताना मला आमच्या घरातले रात्रीचे जेवण पहिल्यांदाच नीट दिसले. सासूबाईंना लवकर झोप येते, गोळ्या वेळेवर घ्यायच्या असतात, म्हणून स्वयंपाकाच्या मावशी त्यांचे ताट साडेसातला खोलीत नेऊन ठेवत. ताटात काय असावे ते मी ठरवलेले : अळणी वरण, दोन फुलके, दुधी किंवा दोडका, ताक. त्या टीव्हीसमोर एकट्या जेवत. आम्ही दोघे साडेनऊला जेवत असू आणि आमच्या ताटात निदान लोणचे तरी असे. कुणाच्याही वाईट हेतूने हे घडले नव्हते. किंबहुना सगळे त्यांच्या प्रकृतीसाठीच होते आणि ते माझ्याच हुकमाने झाले होते.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना सून म्हणून नव्हे, तर रुग्ण म्हणून तपासायला बसले. काय काय निघाले ते सांगते. ज्यांच्या घरी असे वजन उतरणारे ज्येष्ठ आहेत, त्यांना उपयोगी पडेल. कवळी सैल झाली होती. दात गेल्यावर जबड्याचे हाड झिजत जाते, त्यामुळे दहा वर्षांपूर्वीची कवळी आता बसत नाही. चावताना दुखते, पण ते सांगत कोणी नाही. मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी त्या कित्येक वर्षे घेत होत्या. तिने काहींची भूक मंदावते, तोंडाला धातूसारखी चव येते आणि दीर्घकाळ घेतल्यास बी-१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकते. त्यांचे खरोखर कमी आले. रक्तातली साखर मात्र इतकी ‘उत्तम’ होती की या वयात आणि या वजनात ती तशी असणे बरे नव्हे. अशक्त, वयोवृद्ध माणसाच्या साखरेचे लक्ष्य थोडे सैल ठेवायचे असते. शेवटी मी त्यांचा रक्तदाब आडवे झोपवून आणि मग उभे करून मोजला. उभे राहिल्यावर तीन मिनिटांत वरचा आकडा वीसने उतरला, की आम्ही ते उभे राहण्याने रक्तदाब पडण्याचे लक्षण मानतो. त्यांचा सव्वीसने उतरला.

वर्षभरापूर्वी त्यांना ओट्यापाशी चक्कर आली होती. कढई चुलीवर होती. मी घाबरले आणि त्या दिवसापासून त्यांना स्वयंपाकघरात जायची मनाई केली. गोळीचा डोस मात्र तपासला नाही. तो तेव्हाच तपासला असता, तर मनाई करावी लागली नसती. गोळ्या मी आता एका अनुभवी सहकाऱ्याच्या सल्ल्याने बदलल्या. घरच्या माणसाचे औषध आपण एकट्याने ठरवू नये, हा धडाही त्यात होताच. वाचकांनीही कोणती गोळी स्वतःहून कमी किंवा बंद करू नये, आपल्या डॉक्टरांना विचारावे. कवळी नवी केली. बी-१२ची इंजेक्शने सुरू झाली.

कांद्याचे सूप मी एका रविवारी दुपारी करायला घेतले. दवाखाना बंद होता, वेळ होता. या सूपाला वेळच लागतो. एक किलो कांदे उभे पातळ चिरून दोन मोठे चमचे लोण्यावर अगदी मंद आचेवर परतायचे, आणि पाककृतीत काहीही लिहिलेले असले तरी पाऊण तासाच्या आत ते तांबूस होत नाहीत. किलोभर कांदा शेवटी जेमतेम दोन वाट्या उरतो. वीस मिनिटांनी माझा धीर सुटला, आच मोठी केली आणि रंग येतो आहे असे वाटून पाणी ओतायला पातेले उचलले. दारात सासूबाई उभ्या होत्या. वासाने आल्या असाव्यात. कढईत डोकावून त्या म्हणाल्या, “अगो, ह्यो कांदो भाजलो नाय, उकडलो. गॅस बारीक कर. आनि माका हय खुर्ची दी.”

पन्नास वर्षे रोज सकाळी वाटपाचा कांदा-खोबरे भाजलेला हात तो. मी खुर्ची दिली. ओटा त्यांना उंच पडतो, म्हणून कढई शेजारच्या मेजावर विजेच्या शेगडीवर ठेवली. त्यांनी उलथने घेतले. पुढची चाळीस मिनिटे त्या तिथे बसून होत्या. तळाला लागू लागले की चमचाभर पाणी शिंपडून तळ खरवडत होत्या आणि मध्येच एखादी काडी उचलून चाखत होत्या. सासऱ्यांना भाजलेला कांदा नुसता भाकरीबरोबर कसा आवडे, हे त्यांनी सांगितले. ते गेल्यापासून त्यांचे नाव त्या फारसे घेत नसत.

गोमांसाच्या पाण्याऐवजी मी गाजर, कोथिंबिरीच्या काड्या, कोबीचा दांडा, एक टोमॅटो आणि मूठभर मशरूम दीड लिटर पाण्यात पाऊण तास उकळून गाळून घेतले होते. मशरूम आणि टोमॅटो यांच्यात मांसाच्या रसाची आठवण करून देणारी चव असते. ती नसेल तर हे सूप नुसते गोड कांद्याचे पाणी होते. बाजारातल्या तयार वड्या वापरू नयेत. त्यांच्यात साधारण निम्मे मीठच असते. थाइम हा पाला आमच्या गावात मिळत नाही. पण थाइमचा वास ज्या थायमॉलमुळे येतो, तेच आपल्या ओव्यातही असते, म्हणून दोन बोटांच्या चिमटीत मावेल एवढाच ओवा, एक तमालपत्र, मिरी, शेवटी चमचाभर व्हिनेगर. वर पावाचा भाजलेला तुकडा आणि थोडे चीज. चीजमध्ये मीठ असतेच, म्हणून सूपात निराळे घातले नाही. खरे तर कांदा इतका भाजल्यावर मिठाची उणीव फारशी भासतही नाही.

त्या रविवारी आम्ही साडेसातला जेवलो. तिघेही, एका मेजावर. सासूबाईंनी वाडगाभर सूप संपवले, पावाचा तुकडा सूपात मुरवून खाल्ला आणि “त्या बोटीवरच्या पोरापेक्षा बरा झाला” असा निकाल दिला. पाचव्यांदा केलेले गुलाबी सूप त्यानंतरच्या आठवड्यात असेच सगळ्यांनी मिळून घेतले. ते उरले नाही.

चॉकलेट केकचे फार सांगण्यासारखे नाही. त्याच्या पोटातले पातळपण म्हणजे न शिजलेले अंडे. मोठ्या स्वयंपाकघरांना पाश्चराइज केलेली अंडी वापरता येतात, आपण बाजारातली साधी वापरतो; त्यामुळे वयस्कर, गरोदर स्त्रिया आणि लहान मुले यांना तो कच्चा गाभा देऊ नये. मी तो पुरता शिजवला. मग तो साधाच केक झाला. शेजारची मुले खुश झाली, एवढेच.

जेवणाची वेळ बदलणे सोपे नव्हते. संध्याकाळचा दवाखाना मी आता आठवड्यातून चार दिवस सातला बंद करते. काही रुग्ण नाराज झाले, उत्पन्नातही फरक पडला. यजमानांनी त्याबद्दल अवाक्षर काढले नाही, पण हिशेब त्यांच्याकडेच असल्याने त्यांना ठाऊक आहे. उरलेल्या दिवशी ते आईबरोबर साडेसातला जेवतात आणि मी मागाहून. एकत्र जेवताना माणूस एकटे असण्यापेक्षा अधिक खातो, हे कुणीही आपल्या घरी पाहू शकेल. सासूबाईंचे वजन मार्चअखेर एकोणपन्नास किलो भरले. गोळ्या, कवळी, जीवनसत्त्व, खुर्ची आणि मेज हे सारे मी एकाच महिन्यात बदलल्यामुळे यातले कशाने किती झाले, हे सांगता येणार नाही. प्रयोग म्हणून ते अगदी गचाळ आहे.

त्या वाढप्याचा एक प्रश्न मात्र घरात राहिला आहे. यजमानांनी जुन्या दिनदर्शिकेच्या पानाची मागची कोरी बाजू फ्रीजवर चिकटवली आहे. तिच्यावर ते रोज सकाळी ठळक अक्षरात रात्रीसाठी दोन पदार्थ लिहितात, दोन्ही मी आधी मंजूर केलेले. आणि सासूबाईंनी दुपारपर्यंत त्यांपैकी एकावर खूण करायची. सुरुवातीचे काही दिवस त्या “काय पण करा” म्हणत. मग खुणा होऊ लागल्या. मुगाचे धिरडे, कुळथाची पिठी, कधी कांद्याचे सूप.

गेल्या मंगळवारी मी दुपारी घरी आले तेव्हा दोन्ही नावांवर काट मारलेली होती. खाली थरथरत्या अक्षरात लिहिले होते : पेज आणि सुको बांगडो.

सुका बांगडा म्हणजे मिठाचा खडाच. रक्तदाबाच्या रुग्णाला तो मी स्वतः वर्षानुवर्षे बंद करत आले आहे. बराच वेळ त्या कागदासमोर उभी राहिले. मग मावशींना बाजारात पाठवले. बांगडा दोनदा पाणी बदलून तासभर भिजवला, निथळून तव्यावर भाजला, सूप मुळीच केले नाही, आणि रात्री पेजेबरोबर एकच लहान तुकडा वाढला. सासूबाईंनी तो काटे काढून सावकाश खाल्ला आणि दुसरा मागितला.